गरोदरपणातलं तेल-तूप आणि शरीरातला दाह

गरोदर बाईच्या ताटातल्या तेला-तुपाबद्दल घरात प्रत्येकाचं मत असतं. सासूबाई म्हणतात, आठवा लागला की वरणभातावर तुपाची धार वाढव, बाळंतपण सोपं जाईल. नणंद म्हणते, तूप बंद कर, वजन वाढलं तर सिझर होईल. मोबाइलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं की रिफाइंड तेलाने शरीरात ‘इन्फ्लमेशन’ होतं. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांत एक पिवळसर, मऊ, माशाचा वास येणारी कॅप्सूल असते. ती कशासाठी, हे विचारायचं राहूनच जातं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आपण खातो ती चरबी आणि शरीरातला दाह यांचा संबंध काय? तो समजला की निम्म्या चिंता गळून पडतात आणि जिथे खरोखर लक्ष द्यायला हवं ती जागा दिसते. माझं मत आधीच सांगते. आपल्याकडे गरोदर स्त्रियांच्या जेवणात चरबी किती, याचीच चर्चा होते. कोणती चरबी कमी पडतेय, हे कुणी बघत नाही. कमी पडते ती बहुतेक वेळा ओमेगा-३ नावाची चरबी.

दाह कशाला म्हणायचं

विळीवर बोट कापलं की ते लाल होतं, गरम लागतं, ठणकतं, सुजतं. हा दाह. जखमेच्या जागी पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंना मारतात, मेलेल्या पेशी उचलतात आणि काम झालं की निघून जातात. हा दाह नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

दुसरा दाह मंद असतो. ताप नाही, ठणका नाही, पण रक्तात सीआरपी, इंटरल्युकिन-६ यांसारखी दाहाची रसायनं महिनोन्‌महिने थोडी चढलेली राहतात. पोटावरची जास्तीची चरबी, मधुमेह, हिरड्यांचं जुनं दुखणं, मिश्री-तंबाखू, चुलीचा धूर ही त्याची नेहमीची कारणं. गरोदरपणातल्या काळजीचा विषय हा मंद दाह आहे.

संध्याकाळी पावलं सुजतात, चपला घट्ट होतात, ते प्रकरण वेगळं. ते बहुतेक वेळा पाणी साठल्यामुळे होतं. मात्र चेहरा किंवा हात एकाएकी सुजले, डोकं सारखं दुखू लागलं, डोळ्यांपुढे चमकू लागलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायचा. तिथे आहाराचा विचार नंतर.

नऊ महिन्यांचं वेळापत्रक

गर्भारपणाची सुरुवात दाहाने होते, हे ऐकून अनेकींना धक्का बसतो. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो तेव्हा तो त्या अस्तरात अक्षरशः घुसतो. तिथे आईच्या संरक्षक पेशी मोठ्या संख्येने जमतात. या पेशी गर्भावर हल्ला करत नाहीत. त्या गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, म्हणजे पुढे वारेला, बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाला, भरपूर रक्त मिळावं. पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ, थकवा, कसंसं वाटणं यामागे हार्मोन्स असतात आणि बहुधा या दाहाचाही थोडा वाटा असतो.

मग मधला काळ येतो. बाळ झपाट्याने वाढत असतं आणि आईचं शरीर दाह आवरून धरतं. पुष्कळ जणींना पाचव्या-सहाव्या महिन्यात बरं वाटतं ते याच काळात. शेवटी पुन्हा दाह पेटतो. गर्भाशयाच्या तोंडाशी पांढऱ्या पेशी जमतात, ते तोंड मऊ पडतं, कळा सुरू होतात. प्रसूती ही दाहाची क्रिया आहे, फक्त ठरलेल्या वेळी झालेली.

बिघाड होतो तो वेळ चुकली की. सुरुवातीला रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेला रक्त अपुरं पडतं. त्रासलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाह होतो, रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. आणि शेवटचा दाह आठव्या महिन्यातच पेटला तर बाळ लवकर जन्मतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. जगातल्या अशा बाळांपैकी पाचातलं एक आपल्याकडचं.

यातल्या बऱ्याच अकाली प्रसूतींमागे जंतुसंसर्ग असतो. गर्भाशयातला, लघवीच्या मार्गातला. त्यावर अँटिबायोटिकच लागतं, जवसाची चटणी नाही. आहाराची मर्यादा कुठे आहे हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर लघवीला जळजळ होत असताना बाई घरगुती उपाय करत बसते आणि मोलाचा आठवडा वाया जातो.

चरबीचं रसायन कसं बनतं

आता जरा जवळून बघू. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि तो मुख्यतः चरबीचा असतो. ही चरबी आपल्या जेवणातूनच येते. तेल बदललं की काही आठवड्यांत रक्तपेशींच्या पापुद्र्यातली चरबीही बदलू लागते. रक्त तपासून कुणी किती मासे खातं याचा अंदाज करता येतो, तो यामुळे.

या पापुद्र्यात ॲराकिडोनिक आम्ल नावाचं एक लांब स्निग्धाम्ल बसलेलं असतं. ते ओमेगा-६ कुळातलं. पेशीला इजा झाली किंवा तसा निरोप आला की एक विकर, म्हणजे एंझाइम, ते आम्ल पापुद्र्यातून कातरून काढतं. मोकळं झालेलं आम्ल कॉक्स नावाच्या दुसऱ्या विकराच्या तावडीत सापडतं आणि त्याचं प्रोस्टाग्लँडिन होतं. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. या शोधांसाठी बर्गस्ट्रोम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना १९८२ चं नोबेल मिळालं.

प्रोस्टाग्लँडिनशी बहुतेक बायकांची ओळख होते, फक्त त्यांना ते नाव माहीत नसतं. दिवस उलटून गेले तरी कळा येत नाहीत तेव्हा डॉक्टर ‘जेल ठेवूया’ म्हणतात. त्या जेलमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ असतं. शरीर जे रसायन ओमेगा-६ चरबीपासून स्वतः बनवतं, तेच बाहेरून दिलं जातं, म्हणजे गर्भाशयाचं तोंड पिकतं.

याच रसायनामुळे पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहते, आणि तशी ती राहायलाच हवी. बाळाच्या मूत्रपिंडालाही ते लागतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या कॉक्स विकर बंद पाडतात, म्हणून गरोदरपणात त्या मनाने घ्यायच्या नसतात. विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला. कंबर दुखतेय म्हणून घरातली पडून असलेली गोळी घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. डॉक्टरांनी प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी रोजची लहान मात्रेतली ॲस्पिरिन दिली असेल तर ती मात्र या भीतीने बंद करू नका. तिची मात्रा आणि हेतू दोन्ही वेगळे.

म्हणजे ओमेगा-६ वाईट आणि दाह वाईट, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने १९२९-३० मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उंदरांना चरबी पूर्ण काढून टाकलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले, शेपट्या खराब झाल्या, प्रजनन बिघडलं. काही चरबी जीवनसत्त्वांइतकीच अत्यावश्यक असते, हे तिथे पहिल्यांदा सिद्ध झालं.

ओमेगा-३ चा भाग इथून सुरू होतो. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही दोन दळणं एकाच गिरणीवर येतात. विकरं तीच. समोर सगळंच ओमेगा-६ असेल तर तेच दळलं जातं. त्यात ओमेगा-३ मिसळलं की त्यापासून बनणारी प्रोस्टाग्लँडिनं बहुतेक कामांत सौम्य असतात. शिवाय ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ चरबींपासून रिझॉल्विन नावाची आणखी एक फळी तयार होते. दाह विझवणं, पांढऱ्या पेशींना परत पाठवणं, राडारोडा उचलणं हे तिचं काम. दाह आपोआप विरून जातो असं पूर्वी वाटायचं. तो शमवणारी वेगळी रसायनं असतात आणि ती माशातल्या चरबीपासून बनतात, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत कळलं.

सूर्यफुलाच्या किंवा करडईच्या तेलाने दाह वाढतो, असं जे सांगितलं जातं, त्याला माणसांवरच्या प्रयोगांचा आधार मिळालेला नाही. या तेलांतलं लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ कुळातलीच चरबी, वाढवून बघितलं, तरी निरोगी माणसांच्या रक्तातली दाहाची चिन्हं वाढलेली दिसली नाहीत. तेव्हा सूर्यफुलाचा डबा फेकून द्यायची गरज नाही. अडचण त्याच्यात काय आहे याची नसून त्याच्यात काय नाही याची आहे, आणि त्याच्यात ओमेगा-३ जवळजवळ नाही.

फेरो बेटांपासून बेळगावपर्यंत

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक मासे भरपूर खातात. तिथल्या बायकांचे दिवस डेन्मार्कमधल्या बायकांपेक्षा थोडे जास्त भरतात आणि बाळं वजनदार असतात, हे १९८० च्या दशकात संशोधक ओल्सेन यांच्या लक्षात आलं. समुद्री चरबीमुळे प्रसूतीची प्रोस्टाग्लँडिनं उशिरा जोर धरत असावीत, असा त्यांचा तर्क होता. तो तपासायला त्यांनी डेन्मार्कमधल्या ५३३ गरोदर स्त्रियांवर प्रयोग केला. तिसाव्या आठवड्यापासून काहींना माशाचं तेल, काहींना ऑलिव्ह तेल, काहींना काहीच नाही. १९९२ मध्ये निकाल छापून आला. माशाचं तेल घेतलेल्या स्त्रियांचे दिवस ऑलिव्ह तेलवाल्यांपेक्षा सरासरी चार दिवसांनी जास्त भरले.

चार दिवस म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सरासरी थोडी जरी सरकली, तरी फार लवकर जन्मणाऱ्या बाळांची संख्या बदलू शकते. २०१८ मध्ये वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा ७० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात सुमारे २० हजार स्त्रिया होत्या. ओमेगा-३ घेतलेल्या गटात ३४ आठवड्यांच्या आत जन्मणारी बाळं हजारी ४६ वरून २७ वर आली. ३७ आठवड्यांच्या आतली हजारी १३४ वरून ११९ वर. ३२-३३ आठवड्यांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवून बाहेर बसलेल्या आईबापांना विचारा या फरकाची किंमत.

लगेच २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या साडेपाच हजार गरोदरपणांवरचा एक मोठा, काटेकोर प्रयोग आला, आणि त्यात फरकच दिसला नाही. मग कोणावर विश्वास ठेवायचा? उत्तर आकड्यांच्या आत सापडलं. ज्या स्त्रियांच्या रक्तात सुरुवातीला ओमेगा-३ कमी होतं त्यांना फायदा झाला होता. ज्यांच्यात आधीच पुरेसं होतं त्यांना झाला नव्हता, उलट जास्तीच्या मात्रेने थोडा तोटा होण्याची शक्यता दिसली. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यानंतर गरोदर स्त्रियांच्या रक्तातलं ओमेगा-३ तपासून, कमी असेल तरच कॅप्सूल सुचवायची अशी योजना सुरू झाली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्याच्या ताटात नाही त्याला वाढा. ज्याचं ताट भरलेलं आहे त्याला आग्रह नको.

आता आपल्या ताटाकडे बघू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. गरोदर राहण्याआधीचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरलं. आईने एकूण किती उष्मांक, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. १८ व्या आठवड्यात दूध आणि २८ व्या आठवड्यात पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं मोठी होती. १८ व्या आठवड्यातल्या आहारात चरबी जास्त असेल तर बाळाची लांबी आणि वजनही चांगलं होतं. ज्या बाईचं वजनच ४२ किलो आहे तिला ‘तेलकट खाऊ नको’ सांगणं म्हणजे तिच्या बाळाचा घास काढणं आहे.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळपास पाऊण किलोने हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. स्नायू कमी, चरबी शिल्लक. पुढे लहान वयात मधुमेह होण्याची आपली जी प्रवृत्ती आहे, तिची मुळं इथे असावीत, असं हे संशोधक मांडत आले आहेत.

पुण्यातच भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटाने प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांच्या रक्तातल्या चरबीवर अनेक वर्षं काम केलं. त्यांना अशा स्त्रियांत डीएचए कमी आणि चरबी खवट होण्यासारखी प्रक्रिया, म्हणजे ऑक्सिडेशन, जास्त आढळली. कमी डीएचएमुळे आजार झाला की आजारामुळे डीएचए कमी झालं, हे अशा अभ्यासांतून ठरत नाही.

आणि बेळगावात झालेला प्रयोग उत्साहाला लगाम घालणारा आहे. तिथे ९५७ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ४०० मिलिग्रॅम शेवाळातलं डीएचए दिलं. बाळांच्या जन्मवेळच्या आकारात फरक पडला नाही, वर्षाच्या बाळांच्या बौद्धिक वाढीतही नाही. कॅप्सूलने बाळ हुशार होतं, असं सांगून कुणी महागडा डबा विकत असेल तर हा निकाल आठवावा. वेळेआधी प्रसूती टाळण्याबाबतचा पुरावा बळकट आहे, बुद्धीबाबतचा नाही.

स्वयंपाकघरात याचा अर्थ काय

तेलापासून सुरू करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने गरोदर स्त्रीला रोज वरून घालायचं तेल-तूप मिळून सुमारे ३० ग्रॅम पुरेसं, म्हणजे दोन मोठे चमचे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोजचं ४० मिली होतं. ते थोडं जास्तच. घरात किती डबे येतात याचा हिशेब कॅलरीच्या तक्त्यापेक्षा सोपा.

वनस्पतींतल्या ओमेगा-३ ला एएलए म्हणतात. गरोदर स्त्रीला ते दिवसाला सुमारे दीड ग्रॅम हवं. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सरकी यांच्या तेलांत ते जवळपास नसतं. सोयाबीनच्या तेलात सुमारे ७ टक्के असतं, मोहरीच्या तेलात त्याहून थोडं जास्त. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या घरात रोजचा स्वयंपाक सोयाबीन तेलात होतो, तिथे दोन चमच्यांतच एएलएची गरज भागते. ज्या तेलाला ‘स्वस्तातलं’ म्हणून नाक मुरडतात त्याची ही बाजू कुणी सांगत नाही.

जवसाची चटणी तर आपली हक्काची. विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडे ती भाकरीबरोबर रोजची. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचे. कुटायचे हे महत्त्वाचं, कारण अख्खा जवस आला तसा पोटातून निघून जातो. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमच्या वर एएलए असतं. कुटलेली चटणी आठवडाभराचीच करावी. जवसाचं तेल लवकर खवट होतं, कडवट वास आला की टाकून द्यावी. कारळ्याची चटणी चवीला तितकीच छान, पण तिच्यात ओमेगा-६ भरपूर असतं, ओमेगा-३ नाही. जवस उष्ण म्हणून गरोदरपणात नको, असं पुष्कळ घरांत मानतात. चटणीपुरता चमचाभर जवस नेहमी खाणारीने चालू ठेवायला हरकत नसते. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा वाटीवाटीने जवस मात्र नको, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं.

पण जवसाची एक मर्यादा आहे. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागतं ते डीएचए. एएलएचं डीएचए करण्याचं काम शरीर फार थोडं करतं, अगदी शेकड्यात एखादा भाग. बायकांचं शरीर इस्ट्रोजेनमुळे पुरुषांपेक्षा हे जरा बरं करतं, गरोदरपणात आणखी थोडं, तरी ते कमीच. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ रोज ५० ते ७० मिलिग्रॅम डीएचए साठवतं, आणि वार ते आईच्या रक्तातून निवडून उचलते. आईच्या रक्तात कमी असलं तरी बाळाकडे आधी जातं. आईसाठी रोज किमान २०० मिलिग्रॅमचं उद्दिष्ट धरतात.

कोकणात आणि गोव्यात हे काम बांगडा आणि तारली करतात. तारली म्हणजे मालवणकडची पेडवे. सगळ्यांत स्वस्त मासे, आणि या बाबतीत सगळ्यांत श्रीमंत. पापलेट-सुरमई म्हणजे मान, बांगडा म्हणजे रोजचा, ही प्रतिष्ठेची उतरंड इथे उलटी करावी लागते. आठवड्यातून दोनदा तळहाताएवढा बांगडा खाल्ला तर बहुतेकींची डीएचएची गरज भागते. बांगडा घेताना डोळे चकचकीत आणि कल्ले लाल बघावेत. मग तिरफळं घालून तिखलं करा किंवा उडदमेथी. तव्यावर थोड्या तेलात भाजलेलाही चालतो. तेलात बुडवून तळला की माशाची चरबी थोडी तेलात उतरते आणि तळणाचं तेल माशात शिरतं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ताजे मासे कमी असतात. सुकट-सुके बांगडे चालतील, पण मीठ फार असतं. रक्तदाब वाढलेला असेल तर टाळलेले बरे.

पाऱ्याचा मुद्दा इथे येतो. मोठे मासे लहान माशांना खातात आणि त्यांच्या अंगात पारा साठत जातो. म्हणून शार्क गरोदरपणात टाळा, असं जगभर सांगितलं जातं. आपल्याकडे मोरी, मुशी म्हणतात ते शार्कच, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून किनाऱ्यावरच्या घरांत मुशी मुद्दाम आणतात. प्रेमानेच आणतात. तरी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तिच्याऐवजी तारली, बांगडा, बोंबील द्यावेत. मोठ्या सुरमईचे तुकडेही रोज नकोत.

शाकाहारी घरात काय? मासे डीएचए स्वतः बनवत नाहीत, ते समुद्रातल्या शेवाळातून त्यांच्याकडे येतं. त्याच शेवाळापासून काढलेलं डीएचए कॅप्सूलमध्ये मिळतं. पाकिटावर स्रोत लिहिलेला असतो, तो बघून घ्यावा. अंडं चालत असेल तर बलकातून थोडं मिळतं. कॉड लिव्हर ऑइल मात्र गरोदरपणात नको. ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते जास्त झालं तर गर्भाला अपाय होतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कोणतीही ओमेगा-३ कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

तूप. तूप खाल्ल्याने बाळंतपणाची वाट निसरडी होत नाही. पोटात गेलेलं तूप पचतं, त्याचा जन्ममार्गाशी काही संबंध येत नाही. पण चमचा-दोन चमचे तूप वाईटही नाही. सडपातळ बाईला तर ते हवंच. वजन आधीच जास्त असेल किंवा साखर वाढलेली असेल तिथे हिशेब वेगळा. अशा शरीरात चरबीच्या पेशीच दाहाची रसायनं सोडत असतात आणि वारेतही त्या दाहाच्या खुणा सापडतात. तिथे संपृक्त चरबी, म्हणजे तूप, साय, लोणी, मोजून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जवळपास १९ टक्के कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. एकाच गल्लीत दोघी राहतात. दोघींना तुपाचा एकच सल्ला लागू पडणार नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड दुप्पट दिसले म्हणून घाबरून तेल बंद करणाऱ्याही भेटतात. शेवटच्या महिन्यांत ते दोन-तीन पटीने वाढणं नैसर्गिक आहे, बाळाच्या पोषणासाठीच शरीर ते रक्तात सोडतं. रिपोर्टवरची मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. फारच जास्त असेल तर डॉक्टर सांगतीलच.

सरळ बंद करायची एकच चरबी आहे, ट्रान्स फॅट. वनस्पती तुपातली. ती दाह वाढवते, वार ओलांडून बाळापर्यंत पोचते आणि शरीराला तिचा काही उपयोग नाही. २०२२ पासून भारतात तेल-चरबीत आणि त्यापासून बनवलेल्या पदार्थांत तिचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. तरी सुट्या विकल्या जाणाऱ्या खारी, क्रीमरोल, नानकटाईत काय घातलं आहे ते कळत नाही. वडापावच्या गाडीवरचं दिवसभर उकळणारं काळं तेलही तसंच. डोहाळे लागले तर वडा घरी तळावा. कढईतलं उरलेलं तेल गाळून एकदा भाजीला वापरावं, पुन्हा तळणाला नको.

बाळंत झाल्यावर मासे किंवा कॅप्सूल बंद करायची घाई नको. आईच्या दुधातलं डीएचए तिच्या जेवणावर ठरतं. बाळंतिणीच्या अळिवाच्या लाडवांत लोह आणि एएलए चांगलं असतं, पण त्याने दुधातलं डीएचए विशेष वाढत नाही. त्यासाठी बांगडा, तारली किंवा शेवाळाची कॅप्सूल, अंगावर पाजणं चालू आहे तोवर.